बेटाच्या शाळेचा दोर

"यंदा दोर कोण वळणार?"

कान्हो पंतोजींनी हे विचारलं होतं आणि त्यांना कुणीच उत्तर दिलं नाही, असं आमच्याकडे सांगतात.

मंडळी, चपला काढून इकडे उंबराखाली या. फोटो मागाहून काढा, आधी तो दोर नीट बघून घ्या. त्याचं अलीकडचं टोक या उंबराला बांधलं आहे आणि पलीकडचं नदीतल्या बेटावर, त्या दगडी खांबापाशी जातं. शेजारी एवढा पूल आहे, त्यावरून एसटी जाते, मग दोर कशाला, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. दोरात मधेच लाल पेड का दिसतो, हेही विचारतात. मागे टेकाडावर आमची शाळा आहे. तिच्या दारावर पाटी आहे, 'येथे शाल स्वीकारली जात नाही.' ती वाचून लोक हसतात. तुम्हीही हसलात मघाशी, मी पाहिलं. गोष्ट ऐकल्यावर हसू येतं का बघा.

ही गोष्ट सांगायचा मान आमच्या दादाचा होता. तो मार्गशीर्षात गेला. मला त्याच्यासारखं सांगता येत नाही. मी शाळेत फार टिकलोच नाही. पण पाहुणे आले की या उंबराखाली कुणीतरी उभं राहावं लागतं. सांगताना तोंड बेटाकडे ठेवायची रीत आहे, म्हणून पाठ फिरवतो. राग मानू नका.

फार जुन्या काळी, जहागिरीच्या दिवसांत, आमच्या नांदरुख गावाला शाळा नव्हती. नदीतल्या बेटावर एक ओसाड मठ होता, तिथे कुठूनसे कान्हो पंतोजी येऊन राहिले. ते मुलं जमवून शिकवू लागले. उन्हाळ्यात मुलं पाण्यातून चालत जायची. पाणी वाढलं की काहिलीत बसून जायची. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई. आमच्या भागात पूर आला की अजूनही कुणी कुणी तीच पाण्यात घालतात. उंबरापासून खांबापर्यंत पंतोजींनी अंबाडीचा जाड दोर ताणला होता. काहिलीची कडी त्या दोराला अडकवायची आणि हाताने दोर ओढत ओढत पलीकडे जायचं.

पंतोजी म्हणे अक्षराच्या आधी गाठ शिकवत. पोर शाळेत आलं की पहिल्या दिवशी दोराची गाठ मारायला आणि सोडायला शिकायचं, मग धुळाक्षरं. ती गाठ अशी की कितीही ताण आला तरी आपोआप सुटत नाही. सोडायची तर माणसाच्या बोटांनीच सोडावी लागते.

त्यांनी कुणाकडून दक्षिणा घेतली नाही. एकच अट घातली. शिकून गेलेल्याने दरवर्षी आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक वाव दोर स्वतःच्या हाताने वळून आणायचा. दोन्ही हात पसरले की एक वाव. असे सगळ्यांचे वाव जोडून पावसाळ्याआधी नवा दोर व्हायचा. पंतोजी म्हणत, "तुम्ही ज्या दोराने आलात त्याच दोराने मागची पोरं येतील. त्यांचा भार तुमच्या हातावर आहे."

काही वर्षं हे नीट चाललं. पुढे शिकलेली पोरं मोठी झाली. कुणी पेठेत दुकान घातलं, कुणी देवस्थानाचा कारभारी झाला, आणि सुभानजी तर जहागीरदाराच्या कचेरीत कारकून झाला. दर आखितीला येणारी माणसं कमी होत गेली. कुणी गड्याच्या हातून विकतचा दोर पाठवला. पुढे तोही येईनासा झाला. यात कुणाचं मन वाईट नव्हतं, असं दादा सांगायचा. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या एका वावाने काय अडतंय, बाकीचे देतच असतील. पंतोजी जुनाच दोर सांधून घ्यायचे.

मग एका वर्षी सुभानजीच्या मनात आलं की आपल्या गुरूचा मोठा सत्कार करावा. त्याने सगळ्यांना निरोप धाडले आणि आखितीला झाडून सगळे आले. बेटावर मांडव पडला, तोरणं लागली, पुरणाचा घाट घातला गेला. सुभानजीने जरीकाठी लाल पागोटं पंतोजींच्या डोक्यावर ठेवलं, वर शेला घातला. सगळ्यांनी पाया पडून घेतलं. पंतोजींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. ते पुसून त्यांनी खांबाकडे पाहिलं आणि विचारलं,

"यंदा दोर कोण वळणार?"

"पंतोजी, आज कसला दोर घेऊन बसलात?" सुभानजी हसला. "आज तुम्ही नवरदेव!"

"वळंल की हा बापू," पेठेतला दुकानदार म्हणाला. "याला कारभारात काम तरी काय असतं? नुसता प्रसाद खाऊन सुटलाय."

"मी का? तुझ्या दुकानात अंबाडीच्या वाखाचे गठ्ठे पडलेत, तू वळ की!"

सगळे खो-खो हसले. काहिलीची मालकीण भागाई तिथे पुरण वाटत होती. ती एका कानाने ऐकत होती. ती म्हणाली, "आरं, पागोटं बांधून काय पोरं पाण्यातनं आणायची व्हय त्यांनी? एकानं तरी हो म्हणा."

"भागाई, आधी तूप वाढ," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू झालं.

पंतोजींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ऊन उतरल्यावर सगळे आपापल्या वाटेने गेले. जाताना त्याच दोराला धरून नदीतले धोंडे ओलांडले. दोर हाताला खरबरीत लागला, एखाद्याच्या तळव्यात कुसळ गेलं, तरी कुणी मान वर करून पाहिलं नाही.

इथवर सांगून दादा पुढे होऊन दोराला हात लावायचा. का लावायचा ते मला आत्ता, तुमच्यासमोर उभं राहिल्यावर कळतंय.

श्रावणात पाणी आलं. सकाळी मुलं शाळेत गेली तेव्हा नदी शांत होती. दुपारी वर घाटात कुठेतरी ढग फुटला असावा. बघता बघता लाल पाणी मठाच्या पायरीला लागलं. बेट बुडणार हे उघड होतं. मुलांना अलीकडे पोचवायचं, दुसरा मार्ग नव्हता.

पंतोजींनी दोर तपासला. खांबाला घासून घासून शेवटचा भाग पार कुजला होता, हाताने ओढला तर वाख निघून येत होता. त्यांनी तेवढा भाग कापून टाकला. मग पेटीतून पागोटं आणि शेला काढला, उभे फाडले आणि मुलांना म्हणाले, "या रे, पीळ द्या." मुलांनी दोन्हीकडून धरून पीळ दिला. ते पेड त्यांनी दोराला जोडले. पण पीळ दिला की कापड आखडतं. दोर खांबाशी पोचला, खांबाला वेढा घालायला मात्र पुरला नाही. माणसाच्या कमरेभोवती येईल एवढंच टोक उरलं.

तेव्हा पंतोजी खांबाला पाठ लावून बसले, पाय दगडात रोवले, ते टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि हात मागे नेऊन खांब धरला.

अलीकडे भागाई आणि गावातल्या बायका धावत आल्या होत्या. पुरुष रानात होते. काहील मुलं घेऊन यायची, बायका त्यांना उतरवून घ्यायच्या, रिकामी काहील पलीकडची मुलं कासऱ्याने पुन्हा ओढून घ्यायची. दर खेपेला पंतोजींच्या अंगाला हिसका बसायचा. पाणी त्यांच्या छातीला आलं तरी ते हलले नाहीत.

शेवटच्या खेपेला धाकटी मुलं राहिली होती. त्यांत सुभानजीचा लहान भाऊ सिदू होता. तो चढेना.

"पंतोजी, तुम्ही बी चला."

"मी चढलो तर दोर कोण धरील बाळ? तू हो पुढं."

काहील मधोमध आली आणि वरून एक झाड वाहत आलं, मुळांसकट. ते काहिलीच्या आणि बेटाच्या मधे दोरात अडकलं. दोर पाण्याखाली ओढला जाऊ लागला, त्याच्याबरोबर काहील कलली, कडेवरून पाणी आत यायला लागलं. बायकांनी डोळे झाकले. पंतोजींचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला. "पोरांनो, दोर सोडू नका! सगळ्यांनी घट्ट धरा!"

आणि दोर एकदम सैल पडला. झाड निसटून गेलं. काहील उंबराच्या बाजूच्या दोराला लोंबकळत, प्रवाहाबरोबर वळसा घेत अलीकडच्या काठाला येऊन लागली. मुलं दोराला चिकटून होती. एकही गेलं नाही. लोकांनी वळून बघितलं तेव्हा बेटावर फक्त खांबाचं डोकं दिसत होतं. पंतोजी नव्हते.

दोर तुटला, असंच सगळे म्हणाले.

सुभानजी दुसऱ्या दिवशी घोड्यावरून आला. सिदू इथेच, या उंबराच्या मुळीवर बसला होता. त्याने भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, पंतोजींनी तुझं पागोटं वळलं. ते न्हाई तुटलं."

सुभानजीने पाण्यातून दोर ओढून घेतला. शेवटचं टोक हातात आलं. लाल कापड, जरीचा काठ, सगळं धड. कुठेही तुटलेलं नव्हतं, एक धागा सुटलेला नव्हता. टोकाशी गाठीची वळी मात्र तशीच उमटलेली होती. ती गाठ सुभानजीला ओळखू आली. अक्षराच्या आधी तोही तीच शिकला होता. ती आपोआप सुटत नाही.

तो तिथेच खाली बसला आणि "मी वळतो, मी वळतो" असं म्हणत राहिला म्हणे. आता ते ऐकायला कोण होतं? भागाईने घरातून वाखाची जुडी आणून त्याच्यापुढे टाकली.

निरोप न धाडताच बाकीचेही एकेक करून आले. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. याच काठावर बसून त्यांनी नवा दोर वळला आणि ते पागोट्याचे पेड त्यात घातले. मग टेकाडावर शाळा बांधली. गवंडी लावला नाही. दगड स्वतः वाहिले, माती स्वतः तुडवली. सुभानजीने कचेरी सोडली आणि मरेपर्यंत त्या शाळेत मुलांना शिकवलं. पहिल्या दिवशी गाठ, मग अक्षर. डोक्याला त्याने पुन्हा काही बांधलं नाही.

आम्ही सगळे त्या हसणाऱ्यांचेच वंशज आहोत. पंतोजींना मूलबाळ नव्हतं. तेव्हा ही गोष्ट गावाची बढाई म्हणून सांगायची नाही, अशी सक्त ताकीद आहे. मान खाली घालून सांगायची.

आजही आखितीला या शाळेत शिकून गेलेला माणूस मुंबईत असो, पुण्यात असो, गावी येतो आणि घरी जाण्याआधी इथे येतो. सोबत एक वाव दोर असतो. विकत आणलेला चालत नाही, हाताचे घट्टे बघतात. वाव जोडून झाले की शाळेचं कौल, भिंत, विहीर, जे काही मोडलं असेल ते तिथेच वाटून घेतात. कुणी चुकून शाल आणली तर ती फाडून दोरात घालतात. लाल पेड दिसतात ते तेच. एखादा मेला तर त्याचा वाव त्या वर्षी घरच्यांनी वळायचा. शाळेत एक दिवस बसलेल्यालाही यातून सुटका नाही. माझा वाव आजवर दादाच वळत आला. यंदा मी दोन्ही वळले, माझा आणि त्याचा. उंबराजवळ तो सैल पिळाचा भाग दिसतो ना, तो दादाचा. तीनदा उकलून परत वळला, तरी त्याच्या हातासारखा पीळ बसला नाही. लोकांनी तसाच जोडून घेतला.

सगळे जमले की शाळेतलं सगळ्यात लहान पोर उंबराखाली उभं राहून मोठ्याने विचारतं, "यंदा दोर कोण वळणार?" तेव्हा गप्प राहायचं नाही, हसायचं नाही. एकेकाने स्वतःचं नाव घेऊन सांगायचं, मी वळतो. दुसऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

मग वैशाखातल्या गुडघाभर पाण्यातून काहील निघते. त्यात शाळेतली धाकटी मुलं असतात. पलीकडे दोर खांबाला बांधत नाहीत. शिकून गेलेल्यांपैकी एक जण खांबाला पाठ लावून बसतो आणि टोक कमरेला बांधतो. इतकी वर्षं तिथे दादा बसायचा. यंदा कुणी विचारायच्या आत मीच पाण्यात उतरलो. मुलांचा भार फार नसतो, पण हिसका थेट पाठीच्या कण्यात बसतो. काहील मधोमध आली की बसलेल्याने ओरडायचं, "दोर सोडू नका!" मीही ओरडलो, मुलांनी घट्ट धरला. मी खाली बघितलं. ओला दोर गच्च आवळला होता, आणि गाठ सोडायला दोन्ही हात लागतात. म्हणजे त्या वेळी खांब धरायला पंतोजींकडे एकही हात उरला नसणार. पाणी गळ्याशी आलेलं, पोरं मधोमध, आणि कान्हो पंतोजींनी खांबाचा आधार सोडून दोन्ही हात कमरेशी नेले आणि गाठ सोडली.