कासवाची शंका

तळ्यातले प्राणी सभा भरवायचे, त्या काळची ही गोष्ट. एका सकाळी खेकडी धावतच सभेत आली.

"पाणी उतरतंय! बांधाला भोक पडलंय! चला, बुजवायला चला!"

"खरंय, खरंय!" सगळे बेडूक एका सुरात ओरडले.

म्हातारं कासव मात्र जागचं हललं नाही. "उन्हानं आटत असेल. भोक दिसलं का तुला?"

"दिसलं नाही, पण एवढे बेडूक हो म्हणतायत की!"

"ते कशालाही हो म्हणतात, बाई."

खेकडीला राग आला. पण ती तशीच तरातरा शेजारच्या तळ्यावर गेली, येताना बांधामागूनही फिरून आली.

"कासवदादा, ऊन तिथंही हेच आहे, पण तिथलं पाणी जराही उतरलं नाही! आणि आपल्या बांधामागची माती बघा, एवढ्या उन्हात ओली!"

"मग चल!" कासव म्हणालं.

बांधापाशी पोहोचतात तोच भोक मोठं झालं आणि पाणी उसळलं. बेडूक टणाटण उड्या मारत पळाले. कासवानं भोकात पाठ घट्ट रोवली. खेकडी भराभर चिखल लिंपू लागली.

"दादा, टिकाल ना?"

"टिकणारच! मला पटलंय."