मुठीत मावेल एवढं

डोंगराच्या पार शेंड्यावर, जिथे ढग टेकायला येतात, तिथे करवंदपाडा नावाचा इवलासा पाडा होता. तिथे मोगी राहायची. घर कुडाचं, फ्रॉकला ठिगळं, हसू मात्र अख्खं. पण हल्ली ते हसू कुठेतरी दडून बसलं होतं. आईला बाळ होणार होतं आणि दवाखाना होता डोंगराखाली. मागच्या साली शेजारच्या काकीला झोळीत घालून खाली नेलं, तर तिचं बाळ वाटेतच गेलं. खालच्या सिस्टरबाई वर यायला निघायच्या, पण निसरडा कडा बघून बिचाऱ्या घाबरून माघारी फिरायच्या.

एका सकाळी मोगी मोहाची फुलं वेचायला रानात गेली. पळसाखाली, केशरी पाकळ्यांच्या ढिगात, कुणीतरी कण्हत होतं. बघते तर काय, बोटभर उंचीची परी. सोनेरी पंख, चमचमती ओढणी आणि पोट टम्म.

“मला उडवत नाही गं,” परी म्हणाली.

मोगीने आपल्या न्याहारीची भाकरी कुस्करून तिला भरवली, पळसाच्या पानावरून पाणी पाजलं आणि तिच्यापाशी बसून राहिली. थोड्याच वेळात जोंधळ्याच्या दाण्याएवढी गुलाबी परुली जन्मली. मोगीला आनंदाने रडूच आलं.

“आता तू काहीतरी माग,” परी म्हणाली. “पण ते तुझ्या मुठीत मावलं पाहिजे.”

मोगी विचारात पडली. दवाखाना मुठीत मावत नाही. रस्ता तर नाहीच नाही. औषधाची गोळी मावेल, पण कुठली मागायची ते तिला थोडंच ठाऊक होतं? तेवढ्यात परुलीने तिच्या करंगळीवरची लव मुठीत पकडली आणि काही केल्या सोडेना. मोगीचं हसू एकदम परत आलं.

“मला सिस्टरबाईंचं बोट दे.”

परी खुदकन हसली. “बोटापाठोपाठ अख्ख्या बाई येतील हं. आणि ऐक, कड्यावर पुढच्याने मागच्याला बोट द्यायचं. तसं देत राहाल, तोवर वाट राहील.”

परीने पंख झटकले. क्षणात मोगी कड्यावर उभी होती, मुठीत ऊबदार बोट आणि बोटामागे भीतीने डोळे मिटलेल्या सिस्टरबाई. पायांखाली रुपेरी पायऱ्या उमटत गेल्या.

घरी आईला कळा सुरू झाल्याच होत्या. बाईंनी हात धुतले, आईची पाठ चोळली, तिला धीर दिला. दुपारी बाळ असं काही रडलं की अंगणातल्या शेळ्या पळाल्या. बाईंनी त्याला वजनाच्या छोट्या झोळीत ठेवलं. झोळी बघून काकी दारातच थबकली. मग आत आली, बाळाकडे बघून हसली, आणि आपल्यालाही पुन्हा दिवस गेलेत असं तिने हळूच सांगितलं. बाईंनी तिलाही नीट तपासलं.

संध्याकाळी बाई निघाल्या. मोगी त्यांना बोट देऊन कडा उतरवून आली. वर पळसापाशी लख्ख सोनेरी उजेड पडला, त्यात दोन ठिपके चमकले, एक मोठा आणि एक चिमुकला. मग उजेड विझला. पायऱ्या मात्र राहिल्या.

पुढच्या आठवड्यात सिस्टरबाई कड्यापाशी आल्या आणि त्यांनी वर पाहिलं. काकी बोट पुढे करून उभी होती.