भिवराईचा विस्तव

ऐका पोरांनो, आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण तुम्ही अर्धं विसरला आहात. फार वर्षांपूर्वी, आपल्या इंगळवाडीला नावही नव्हतं तेव्हा, घाटाखालच्या या माळावर एकच छप्पर होतं. त्यात भिवराई लोहारीण राहायची. नवरा गेला तरी तिनं भट्टी विझू दिली नाही. स्वतःच भाता ओढायची, स्वतःच घण घालायची. अंगानं एवढीशी, पण तिचा घण पडला की घाटातली माकडं कानांवर हात ठेवायची, असं म्हणतात.

तिला एकच दुःख होतं. शेजार नव्हता. बोलायचं कुणाशी आणि भांडायचं तरी कुणाशी? म्हणून वाटसरू आला की ती त्याला राहून जा म्हणायची. असं करता करता एक कुंभार राहिला, एक कोष्टी राहिला, वणवण करून थकलेला एक धनगर राहिला. झोपड्या वाढल्या, पोरं वाढली, भांडणंही होऊ लागली, आणि भिवराई सुखावली.

पण तो माळ देशमुखांच्या कारभाऱ्याच्या डोळ्यांत भरला. त्याला तिथं कुरण हवं होतं. पेटत्या चुलीचं घर मोडायचं नाही, ही मुलखाची रीत, आणि ती मोडायची छाती त्यालाही नव्हती. पण गडी बेरकी. ऐन श्रावणात, दिवेलागणीला तो माणसं घेऊन आला आणि त्यानं चुलीचुलींत पाणी ओतवलं. सकाळी जिथून धूर निघेल तेवढं घर राहील, बाकीची आडवी करीन, असं बजावून तो चिंचेखाली राहुटी ठोकून बसला. भिवराईची भट्टी मात्र त्यानं सोडली, कारण देशमुखांच्या नांगरांचे फाळ तिथंच घडायचे. त्याला घोर नव्हता. दिवेलागणीनंतर कुणी विस्तव देत नाही. दिला तर घरची लक्ष्मी त्याच्याबरोबर निघून जाते, हे शेंबडं पोरही जाणत होतं. काडेपेटी तेव्हा कुठली, आणि चकमकीचा कापूस तर भिजून गेलेला.

माणसं भिवराईच्या अंगणात जमली. मागायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी कोष्ट्याची येसू, दिवस गेलेली पोर, भट्टीपाशी येऊन नुसतीच उभी राहिली. भिवराईनं भाता थांबवला. दिवेलागणीनंतर विस्तव द्यायचा नाही, हाच एक नेम सासूनं मरताना तिला घालून दिला होता, आणि तो तिनं जन्मभर पाळला होता.

"खापर आण," ती म्हणाली.

"आत्याबाई, तुमची लक्ष्मी जाईल की ओ."

"जाऊन जाऊन जाईल कुठं? तुझ्याच घरी ना? मग सकाळी येईन मी तिला भेटायला."

येसूनं खापर आणलं, आणि तिच्यामागं सगळा माळ आला. सांडशी तुटली तेव्हा भिवराईनं ओंजळीनं निखारे वाढले, पण हाताला फोड आला नाही. जेवढे दिले तेवढे भट्टीत पुन्हा फुलत गेले, असं म्हणतात. उजाडताना कारभारी बाहेर आला तर छपराछपरातून धूर. धूर इतका की त्याला स्वतःचा घोडा सापडेना, आणि तो पायीच घाट चढून गेला. त्या निखाऱ्यांवरून, म्हणजे इंगळांवरून, गावाला नाव पडलं.

भिवराईची लक्ष्मी गेली का? गेली, असं म्हणतात. पण माळाबाहेर पडली नाही. कुंभाराच्या चाकावर बसली, कोष्ट्याच्या मागावर बसली. मग बाजार भरायला लागला, वेस बांधली, घाटातून सडक आली, शाळा आली, वीज आली. आजूबाजूच्या वाड्या रिकाम्या होत गेल्या आणि आपली वाढतच राहिली. अभिमान वाटतो, तो का लपवावा?

आज घरोघरी गॅस आहे. तरी गावात कुणीही नवं राहायला आलं, मग ते कुठल्याही जातीचं, कुठल्याही मुलखाचं असो, दिवेलागणीला शेजारीण खापरात निखारा घेऊन त्याच्या दारात जाते आणि भिवराईचं नाव घेऊन आत ठेवते. आणि सकाळी सगळा गाव त्या घरच्या लक्ष्मीला भेटायला जातो. चहाला दूध पुरत नाही, मग तेही शेजारूनच येतं.