मत्स्यदानाचे गोळे

फार पूर्वी चंपावती नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. नगरातल्या मोठ्या तळ्याच्या तळाची माती काढून तो मडकी घडवी आणि सुखात राही.

त्या नगराची एक चाल होती. उन्हाळा लागला की लोक जेवणाआधी तळ्यातल्या माशांना कणकेचा गोळा टाकीत. यशोवर्म शेठ तर रोज टोपली रिकामी करी. हात आखडता घेणे त्याला ठाऊकच नव्हते.

एका वैशाखात तळे निम्म्यावर आले, पाणी हिरवेगार झाले आणि एके सकाळी शेकडो मासे मरून तरंगताना दिसले. शेठ फार हळहळला. मासे उपाशी मेले असे वाटून त्याने दोन टोपल्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी आणखी मासे मेले. मग लोकांनी बोट दाखवले ते घाटावर कापड धुणाऱ्या मंजुला रंगारणीकडे. राजाने तिला चार दिवसांत नगर सोडायला सांगितले.

“महाराज, माझा रंग हळदीचा,” ती म्हणाली. “त्यानं पाणी हिरवं कसं होईल?”

प्रश्न सरळ होता, पण लोकांना उत्तर नव्हे, माणूस हवा होता.

सोमिलला मात्र तो प्रश्न झोंबला. हल्ली तळाची माती काळी निघे आणि तिला आंबलेल्या कणकेचा वास येई. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना त्याने पाहिले होते. शेठने मत्स्यदानाच्या उत्सवासाठी त्याच्याकडून हजार घागरी करवून घेतल्या होत्या. खरे बोलले तर उत्सव मोडणार आणि त्या अंगावर पडणार होत्या. तरी तो राजाकडे गेला आणि तीन दिवस मागून घेतले.

त्याने अंगणात दोन रांजण ठेवून त्यांत विहिरीचे पाणी आणि पाच पाच मासे सोडले. एकात मंजुलाच्या कापडाचे पाणी ओतले, दुसऱ्यात शेठचे गोळे टाकले. तिसऱ्या दिवशी सूर्योदयाला राजा शेठला घेऊन आला. पिवळ्या पाण्यातले मासे मजेत फिरत होते. दुसरे पाणी गढूळले होते आणि मासे वर येऊन तोंडे उघडत होते. सोमिल त्यांना उचलू लागला.

“थांब, मरतात का ते पाहू,” राजा म्हणाला.

“महाराज, कळण्यापुरतं दिसलं. मरेपर्यंत कशाला पाहायचं?”

मासे चांगल्या पाण्यात सोडून तो म्हणाला, “पाण्यातही श्वास असतो. तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी. कुजणारी कणीक उरलेला श्वास खाते. हिरवं शेवाळ दिवसा श्वास देतं, पण रात्री तेही घेऊ लागतं. म्हणून पहाटे मासे गुदमरतात.”

शेठचा चेहरा उतरला. “म्हणजे मीच मारले?”

“तुम्ही जीव लावलात, शेठजी. पाण्याकडे तेवढं पाहायचं राहिलं.”

राजाने मंजुलाची क्षमा मागितली. उत्सव रद्द झाला. सोमिलने हजारच्या हजार घागरी लोकांना वाटून टाकल्या. शेवाळ काढले गेले, आणि रोज पहाटे सारे नगर तळ्याचेच पाणी भरून वरच्या पायरीवरून खळाळून ओतू लागले, पाण्यात वारा मिसळावा म्हणून. शेठ मंजुलाच्या शेजारी उभा राही. सवयीने एकदा त्याचा हात टोपलीकडे गेला. त्याने पाण्याकडे पाहिले, गोळा परत ठेवला आणि घागर उचलली. आठ दिवसांत माशांच्या धापा थांबल्या.

विहारात शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली, तेव्हा एक उपासक आजारी भिक्षूला बळेबळे खीर भरवीत होता आणि दुखणे हटत नाही म्हणून शुश्रूषा करणाऱ्या भिक्षूला बोल लावत होता. शास्ते म्हणाले, “तेव्हाचा यशोवर्म म्हणजे हा उपासक. मंजुला म्हणजे हा बोलणी खाणारा भिक्षू. भद्रसेन राजा म्हणजे हे सारे ऐकून घेणारे विहाराचे प्रमुख भिक्षू, स्थविर, आणि सोमिल तो मीच. करुणेला डोळे असावेत. त्या डोळ्यांचे नाव प्रज्ञा.”

उपासकाने वाटी खाली ठेवली, आणि आजारी भिक्षू कितीतरी दिवसांनी हसला.