मारुतीची खोळ

त्या वर्षी भोळोबा महाराजांचा मुक्काम चिंचसांगवीला, नदीकाठच्या धर्मशाळेत होता. गावात त्यांना मान होता, पण बेताचाच, कारण काहीही विचारले की महाराज आधी डोके खाजवत आणि म्हणत, "मलाही तेच कळेना, बाबा."

त्याच गावात शांतवन नावाचा ख्रिस्ती गवंडी राहत असे. मारुतीच्या पाराचे ढासळलेले दगड तो बसवत होता. एका सकाळी पाठीमागे धप्पकन आवाज झाला. वळून बघतो तो मारुतीचे शेंदरी तोंड चांदीच्या डोळ्यांसकट खाली पडलेले! कुणाचा पाय पडू नये म्हणून त्याने आपले मुंडासे सोडले, तुकडे त्यात गोळा केले आणि उराशी धरून तो रंगराव देशमुखांच्या दारात गेला. देवस्थानचा कारभार त्यांच्याकडे होता. देशमुखांनी गाठोडे पाहिले, शांतवनला पाहिले आणि फौजदाराला बोलावणे धाडले.

संस्थानात तेव्हा देवनिंदेचा कायदा होता. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि बायकापोरांना गावाबाहेर काढणे. तालुक्यातला एकही वकील शांतवनचे वकीलपत्र घेईना. एकाने घेतले होते. घरावर दगड आले तेव्हा त्यानेही परत केले. कोठडीत शांतवनला एवढेच कळेना की देव उचलला हा गुन्हा, तर तो तुडवू द्यायला हवा होता का? ते त्याला कुणी सांगेना.

शेवटी त्याची बायको राहेलबाई धर्मशाळेत आली. उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली, "महाराज, आम्ही तुमच्या देवाचे नाही. पाया पडायची रीतही नाही आमच्यात."

"बरं झालं, तेवढा वेळ वाचला," महाराज म्हणाले आणि काठी घेऊन उठलेच.

भक्तमंडळी बुचकळ्यात पडली. आपले महाराज, आपला मारुती, आणि उभे राहणार ते कुणाकडून?

न्यायाधीश चौकशीला पारावरच आले. शेंदूर गळाल्यावर मारुतीचे काळे, लहानसे, किंचित हसरे तोंड दिसत होते. बायका हात जोडायला येत आणि अर्ध्यातच थांबत. हा आपलाच मारुती का, हेच कुणाला ठरवता येईना.

"आता कफनीतले वकील!" देशमुख म्हणाले. "महाराज, कायद्याचं एक तरी कलम ठाऊक आहे का?"

लोक हसले. महाराजही हसले.

"नाही बुवा. मला तर हेही कळेना, की फोडताना पाहिलं कुणी?"

"मी पाहिलं. पहारीनं फोडलाय."

"मग देवावर हात ठेवून सांगा."

देशमुखांनी काहीच पाहिले नव्हते. पण सगळ्या गावासमोर मागे कसे फिरावे? ते पार चढले, मारुतीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "या गवंड्यानं..."

वाक्य पुरे झालेच नाही. खांद्यापासून पायापर्यंतचे शेंदराचे जाड कवच अलगद सुटले आणि देशमुखांच्या अंगावर आले. त्यांनी ते दोन्ही हातांनी कवटाळले. आत मूर्ती अखंड उभी होती, एक ओरखडाही नाही! पिढ्यान्‌पिढ्यांचे तेलशेंदूर साचले की देव खोळ टाकतो, हे म्हाताऱ्यांना आत्ता कुठे आठवू लागले.

"देशमुख," महाराज हळूच म्हणाले, "तुमची पहार कुठं आहे?"

"मी नुसता हात ठेवला हो!"

"त्यानं तर तोही ठेवला नव्हता."

कवचाच्या ओझ्याने देशमुख वाकू लागले. शांतवन सवयीने पुढे धावला आणि बेडीचे हात तसेच पुढे धरून थबकला. शिवावे की नाही? त्याने न्यायाधीशांकडे पाहिले.

"अरे धर की, शांतवन! देव पडेल!" देशमुख कळवळले.

न्यायाधीशांनी कपाळ पुसले आणि बेडी काढायला सांगितले. ज्याच्या शिवण्यावरून खटला उभा राहिला, त्याला फिर्यादीच शिवायला विनवत होता. यावर कुठले कलम लावावे, तेही त्यांना सापडेना. खटला तिथेच निकालात निघाला.

दोघांनी मिळून खोळ नदीला नेली आणि विसर्जित केली. परतल्यावर देशमुख ओलेत्यानेच महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज चटकन बाजूला सरले. मागे शांतवन उभा होता. देशमुखांनी मान वर केली नाही; होते तिथेच, आणखी खाली वाकले. शांतवन इतका गांगरला की तोही वाकला, आणि दोघांची डोकी खाडकन आपटली.

"फार लागलं का रे?" महाराजांनी विचारले. कुणाला विचारले, ते मात्र चिंचसांगवीला अजून कळलेले नाही.