खिंडीखालचा विसावा

पूर्वी घाटात लमाणी बैलांच्या घुंगरांचा नाद पायथ्यापासून खिंडीपर्यंत भरून राहायचा. त्या तांड्यातला हरण्या बैल तेवढा मागे उरला होता. यंदा मालकाने मीठ वाहायला जाड चाकांची, इंजिनाची लाल डोंगरगाडी आणली. "ही खिंड चढली, की हरण्याचा घाट संपला," तो म्हणाला.

हरण्या रिकाम्या पाठीने मागून चालला. गाडी दगडगोटे, ओढे, चिखल हसत ओलांडत होती.

"काय आजोबा, प्रत्येक वळणावर थांबता? दम लागला?"

"दम लागायच्या आधी थांबायचं, पोरी. आमच्या तांड्यात तशी रीत होती."

"तांडा कुठाय आता?" म्हणत ती सुसाट गेली.

शेवटच्या चढाखाली ती वाफा टाकत बंद पडली. मालक करवादला, "गोणी हरण्यावरच लादतो!"

हरण्याने कान टवकारले. पुन्हा पाठीवर मीठ येणार होतं! तेवढ्यात गाडी रडवेली होऊन पुटपुटली, "आजोबा, मला इथंच टाकतील का हो?"

हरण्या पाय दुमडून खाली बसला. मालकाने शेपूट पिरगाळली, शिव्या घातल्या, तरी तो हलेना. शेवटी मालकही कंटाळून सावलीत टेकला. तोवर गाडी निवली आणि एका दमात खिंड चढली.

"आजोबा, जमलं!" ती वरून ओरडली.

हरण्या रिकाम्या पाठीने घाट उतरू लागला होता.