गेरूची रेघ

रायतळे शहराच्या नव्या विकास आराखड्यात सुतार आळीच्या मधोमध साठ फुटी रस्त्याची तांबडी रेघ आली आणि त्या रेघेखाली बत्तीस घरं. लोकांनी दोनशे बारा हरकती दिल्या. सुनावणीच्या दिवशी नगररचना अधिकारी उपासनीसाहेबांनी त्या गठ्ठ्याची गाठसुद्धा सोडली नाही.

“अहो, कागदावरची नुसती रेघ ती! एवढं घाबरायला काय झालं?”

म्हातारे केरबा सुतार पुढे झाले. “चुकलंच साहेब. आमच्या धंद्यात रेघ मारली की मागनं करवत येतीच, म्हणून घाबरलो. नुसतीच रेघ असंल, तर आमचीबी एक असू द्या.”

त्यांनी खिशातून लाकडावर रेघ मारायची, गेरूत घोळलेली दोरी काढली, एक टोक शेजाऱ्याच्या हाती दिलं, टेबलावरच्या नकाशावर ताणली आणि मधोमध उचलून टण्णकन सोडली. दुसरी तांबडी रेघ उमटली, ती थेट साहेबांच्या नव्या बंगल्यावरून. त्या बंगल्याच्या चौकटी केरबांनीच बसवल्या होत्या. जागा त्यांना तोंडपाठ होती.

साहेब ताडकन उठले. “पुसा आधी ती! माझं घर आहे तिथं!”

केरबा शांतपणे कारकुनाकडे वळले. “भाऊसाहेब, घ्या लिहून. हरकत दोनशे तेरावी, उपासनीसाहेबांची.” मग साहेबांपुढे खुर्ची सरकवत म्हणाले, “बसा साहेब. तुमचा नंबर शेवटचा हाय. आधीच्या दोनशे बारा ऐकून होऊ द्यात.”

साहेब खाली बसले आणि त्यांनी गठ्ठ्याची गाठ सोडली.